कोरोनात काम गेलं? ईएसआयचा बेरोजगारी भत्ता, पीएफ, रोजगार हमी आणि कामावरची काळजी, सगळी माहिती एका ठिकाणी

वैजापूर (ग्रामीण प्रतिनिधी) : ७ जून २०२१ पासून राज्यात निर्बंध पाच टप्प्यांत सैल व्हायला लागले. कंपन्यांचे गेट उघडले, पण सगळ्यांना परत बोलावणं आलं नाही. वैजापूर, गंगापूर, कन्नड या तालुक्यांतली बरीच पोरं वाळूजला कामाला असतात. काही चाकण-रांजणगावला. २०२० च्या लॉकडाऊनला जी घरी आली त्यातली काही परत गेली, आणि दुसऱ्या लाटेत पुन्हा गावात बसली. पेरणीचे दिवस होते म्हणून हाताला थोडं काम होतं. पेरणी झाल्यावर काय, हा प्रश्न घराघरात होता.

आमच्या वस्तीवरचा एक पोरगा ठेकेदारामार्फत कंपनीत होता. पगार १२ हजार. एप्रिलमध्ये ठेकेदाराने फोनवर सांगितलं, आता येऊ नको. त्याची पगाराची स्लिप पाहिली तर दर महिन्याला ईएसआयचे ९० रुपये कापलेले. हे ९० रुपये कशाचे, हे त्याला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही पूर्ण माहीत नव्हतं. मग चौकशी केली, नियम वाचले. जे समजलं ते खाली दिलं आहे.

१) ईएसआय म्हणजे काय?

ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा. मूळ कायदा १९४८ चा. १० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात ज्याचा पगार महिना २१ हजारांपर्यंत आहे, त्याला हा विमा लागू होतो. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापतात आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. १२ हजार पगाराला तुमचे ९० आणि मालकाचे ३९० रुपये होतात. म्हणजे हा तुमच्याच नावाचा विमा आहे, कुणाची मेहरबानी नाही.

२) काम गेल्यावर मिळणारा भत्ता

योजनेचं नाव अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. ही १ जुलै २०१८ पासून सुरू झाली. आधी काम गेल्यावर सरासरी रोजाच्या २५ टक्के रक्कम मिळायची. कोरोनामुळे २४ मार्च २०२० पासून ती ५० टक्के केली. जास्तीत जास्त ९० दिवसांचे पैसे मिळतात. ही वाढीव सवलत तेव्हा ३० जून २०२१ पर्यंत जाहीर झालेली होती.

तेव्हाच्या अटी अशा होत्या :
- काम जाण्याआधी किमान दोन वर्षं विम्याच्या नोकरीत असावं.
- काम जाण्याच्या लगेच आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी. त्याआधीच्या तीन सहामाह्यांपैकी एकीत तरी ७८ दिवस भरावेत. सहामाही म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च.
- आधार आणि बँक खातं विमा क्रमांकाला जोडलेलं असावं.
- गैरवर्तनामुळे काढलेलं नसावं, स्वेच्छानिवृत्ती किंवा वयाची निवृत्ती नसावी.

काम गेल्यापासून ३० दिवसांनी अर्ज करता येतो. आधी ९० दिवस थांबावं लागायचं. आधी अर्ज मालकामार्फत जायचा, आता कामगार स्वतः करू शकतो. मालकाच्या किंवा ठेकेदाराच्या सहीसाठी मागे फिरायची गरज नाही. ईएसआयसीच्या वेबसाइटवर विमा क्रमांक टाकून अर्ज भरायचा, सोबत आधार आणि पासबुक अपलोड करायचं. अपलोड जमलं नाही तर अर्जाची प्रिंट काढून झेरॉक्ससह आपल्या शाखा कार्यालयात द्यायची. प्रतिज्ञापत्राची अट आता काढली आहे, त्यामुळे स्टॅम्प पेपरसाठी कुणाला पैसे देऊ नका.

पैसे किती मिळतील याचा हिशोब : मागच्या चार सहामाह्यांची एकूण कमाई भागिले ७३० दिवस, म्हणजे एका दिवसाची सरासरी. महिना १२ हजारांप्रमाणे दोन वर्षांचे २ लाख ८८ हजार होतात. भागिले ७३०, म्हणजे रोज साधारण ३९४ रुपये. त्याच्या निम्मे १९७. नव्वद दिवसांचे साधारण १७ हजार ७५० रुपये. एका एकराचं बी-खत यात निघतं. हा लाभ आयुष्यात एकूण ९० दिवसांचाच आहे हे मात्र ध्यानात ठेवा.

३) पैसे कापले पण भरलेच नाहीत तर?

ठेकेदाराच्या कामगारांची ही मोठी अडचण आहे. आमच्या वस्तीवरच्या पोराच्या खात्यावर शेवटच्या काही महिन्यांची वर्गणी दिसतच नव्हती. अशा वेळी गप्प बसू नका. कायद्याने ठेकेदाराच्या कामगारांची वर्गणी भरायची जबाबदारी मूळ कंपनीवर आहे. पगाराच्या स्लिपा, गेटपास, बँकेत पगार जमा झाल्याची नोंद हे सगळं जोडून शाखा कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. त्याने तशी तक्रार दिली आहे. निकाल तेव्हा लागायचा होता, पण कागद त्याच्या हातात होता.

४) आजारी पडल्यास, आणि घरातला माणूस गेल्यास

ईएसआयच्या कामगाराला आजारपणात सरासरी रोजाच्या ७० टक्के रक्कम वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळते. त्यासाठी डॉक्टरचा दाखला लागतो आणि वर्गणीची अट आहे. कोरोना झाला तरी हा लाभ लागू आहे. दवाखान्यातून सुटताना कागद गोळा करायला विसरू नका.

कोरोनाने विमाधारक कामगार गेला असेल तर त्यासाठी केंद्राने २०२१ मध्ये नवीन योजना जाहीर केली होती. त्यात कुटुंबाला कामगाराच्या सरासरी रोजाच्या ९० टक्के रक्कम दर महिन्याला मिळणार होती. पत्नी किंवा पती, मुलं, अवलंबून असलेले आई-वडील यांना ती मिळू शकत होती. कामगाराची नोंदणी आजार निघण्याआधी किमान तीन महिने झालेली असावी, अशी अट होती. २४ मार्च २०२० पासूनचे मृत्यू यात धरले गेले. कोरोना पॉझिटिव्ह आल्याचा रिपोर्ट आणि मृत्यू दाखला जपून ठेवा.

पीएफ कापला जात असेल तर त्यातही विमा आहे. कामावर असताना कामगार गेल्यास वारसाला ७ लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. शिवाय विधवा पेन्शन आहे. पुष्कळ घरांना हे ठाऊकच नसतं.

५) पीएफमधून पैसे काढणं

कोरोनाच्या काळात पीएफमधून परत न करायची उचल घेता येत होती. तीन महिन्यांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, किंवा खात्यातल्या रकमेच्या ७५ टक्के, यातलं जे कमी असेल तेवढं मिळायचं. उदाहरण : मूळ पगार ९ हजार आणि खात्यात ४० हजार असतील. तीन महिन्यांचे २७ हजार, ७५ टक्के म्हणजे ३० हजार. मिळायचे २७ हजार. २०२० मध्ये ज्यांनी उचल घेतली त्यांनाही २०२१ मध्ये दुसऱ्यांदा घेता येत होती. यूएएन चालू आणि आधार, बँक खातं जोडलेलं असावं लागायचं. मोबाइलवर उमंग ॲपमधूनही अर्ज व्हायचा.

एक सांगणं : गरज असेल तेवढेच काढा. म्हातारपणाचा तोच एक आधार असतो.

६) गावातच काम : रोजगार हमी

रोजगार हमी ही आपल्याच राज्याची देणगी. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या पुढाकारातून ती उभी राहिली, १९७७ ला कायदा झाला. देशभराचा कायदा त्यानंतर २००५ ला आला. २०२१-२२ मध्ये महाराष्ट्रात मजुरी रोज २४८ रुपये होती. शहरातून परत आलेल्या पोरांनाही जॉब कार्ड काढता येतं. तेव्हा कुटुंबाला वर्षात १०० दिवस केंद्राच्या पैशातून आणि पुढे राज्याच्या पैशातून काम मागता यायचं.

खरी मेख मागणीत आहे. तोंडी मागणीवर विसंबू नका. नमुना ४ भरून ग्रामरोजगार सेवकाकडे द्यायचा आणि तारखेसह पोच घ्यायची. १५ दिवसांत काम मिळालं नाही तर बेरोजगार भत्ता द्यावा लागतो. पहिले ३० दिवस मजुरीच्या पाव हिस्सा म्हणजे २०२१-२२ च्या दराने ६२ रुपये रोज, नंतर निम्मा म्हणजे १२४ रुपये. पोच नसेल तर भत्ता मागायला आधारच राहत नाही. काम पाच किलोमीटरपेक्षा लांब असेल तर मजुरी १० टक्के जास्त मिळते.

७) गवंडी, सेंट्रिंग, बांधकाम मजूर

मागच्या १२ महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केलं असेल तर बांधकाम कामगार मंडळात नोंदणी होते. वय १८ ते ६० हवं. ९० दिवसांचा दाखला ग्रामसेवकही देऊ शकतो. नोंदणी असलेल्यांना २०२० मध्ये आधी २ हजार आणि नंतर ३ हजार रुपये आले. एप्रिल २०२१ मध्ये दीड हजार जाहीर झाले. नोंदणी नसलेल्या मजुराच्या खात्यावर एक रुपया आला नाही. काम दोघांचं सारखंच होतं, फरक फक्त कागदाचा.

८) कामावर परत जाताना

एप्रिल २०२१ च्या राज्य सरकारच्या आदेशात कारखान्यांबाबत स्पष्ट लिहिलं होतं : कामगार पॉझिटिव्ह आला तर त्याला रजा द्यायची, त्या गैरहजेरीवरून कामावरून काढायचं नाही आणि त्या दिवसांचा पूर्ण पगार द्यायचा. त्यामुळे काम जाईल या भीतीने ताप लपवून कामावर जाऊ नका. एकाने लपवलं की अख्खी लाइन आजारी पडते, आणि मग कंपनीच बंद होते.

कामगाराने एवढं बघावं :
- कंपनीच्या बसमध्ये उभं राहून प्रवास नको. सीटवर एक माणूस, खिडक्या उघड्या.
- मास्क नाकावर असावा. घामाने भिजला तर बदलायला दुसरा खिशात ठेवा.
- जेवणाच्या सुट्टीत संसर्गाचा धोका असतो, कारण तेव्हा मास्क निघतो. डबा लांब बसून खा. एका पुडीतली तंबाखू, एक ग्लास, एक बाटली नको.
- बंद खोलीत दहा जण झोपत असाल तर रात्री खिडकी उघडी ठेवा.
- २१ जून २०२१ पासून १८ वर्षांवरच्या सगळ्यांना मोफत लस केंद्राने जाहीर केली होती.

शेतमालकांनाही हेच लागू. सरकी लावायला, निंदायला बायांना टेम्पोत कोंबून आणू नका. दोन खेपा करा. डिझेल थोडं जास्त जाईल, पण शेजारच्या घरात दवाखाना लागणार नाही.

९) फसवणुकीपासून सावध

भत्ता मंजूर करून देतो म्हणून टक्केवारी मागणारे तेव्हा फिरत होते. वरच्या कुठल्याही योजनेत दलाल लागत नाही. ओटीपी कुणालाच सांगायचा नाही. सेवा केंद्रावर अर्ज भरला तर पावती घ्या आणि तुमचा पासवर्ड तुमच्याकडेच ठेवा.

शेवटी एक काम आजच करा. घरातल्या कमावत्या माणसाची पगार स्लिप, ईएसआय नंबर, पीएफचा यूएएन आणि जॉब कार्ड यांचे फोटो काढून घरच्या दोन मोबाइलमध्ये ठेवा. माणूस दवाखान्यात असताना हे नंबर शोधताना घरच्यांचे काय हाल होतात, ते दुसऱ्या लाटेत डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि गावात ज्याचं काम गेलंय त्याला ही माहिती वाचून दाखवा.