नांदेड ते हैदराबाद: विमानाचे अंतर, लागणारा वेळ आणि उडान योजनेतील भाडे

नांदेड विमानतळ ते हैदराबादचा शमशाबाद विमानतळ हे हवाई अंतर सुमारे 245 किमी आहे. रस्त्याने ते 280 किमीच्या आसपास भरते. वेळापत्रकात या उड्डाणाला साधारण एक तास धरला जातो. विमान हवेत त्याहून कमी वेळ असते, पण धावपट्टीपर्यंत जाण्याचा आणि उतरल्यावर थांब्यावर येण्याचा वेळही त्यात मोजतात.

27 एप्रिल 2017 रोजी उडान योजनेची पहिली विमाने सुटली, त्यांत हा मार्ग होता. योजनेत भाड्याची कमाल मर्यादा हवाई अंतरावर ठरते, रस्त्याच्या अंतरावर नाही. सुरुवातीला सुमारे 500 किमीसाठी ती 2,500 रुपये होती. नंतर तिच्यात बदल होत गेले.

उडानसाठी अर्ज नाही, कार्ड नाही, उत्पन्नाचा दाखला लागत नाही आणि खात्यात पैसेही जमा होत नाहीत. सरकार अनुदान विमान कंपनीला देते, तुम्हाला फक्त कमी दरातले तिकीट मिळते. त्यामुळे ‘उडानचा फॉर्म भरून देतो’ म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

मर्यादित भाडे सगळ्या जागांना नसते. साधारणपणे निम्म्या जागा त्या दराच्या असतात, उरलेल्या बाजारभावाने विकल्या जातात. म्हणून एकाच विमानात शेजारी बसलेल्या दोघांची तिकिटे वेगवेगळ्या किमतीची असू शकतात. शिवाय अनुदान एका मार्गाला तीन वर्षांपुरते असते. मुदत संपली की कंपनी आपला दर लावू शकते किंवा सेवा बंदही करू शकते. म्हणून जाण्याचा दिवस ठरवण्याआधी विमान सुरू आहे का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर पाहा.

उपचारासाठी जाणार असाल तर घरापासून दवाखान्यापर्यंतचा पूर्ण वेळ मोजा. विमानतळावर दोन तास आधी पोहोचायचे. बहुतेक कंपन्यांचे काउंटर उड्डाणाच्या एक तास आधी बंद होते. शमशाबाद हैदराबाद शहराच्या मध्यापासून सुमारे 25 किमी दूर आहे, म्हणजे उतरल्यावर टॅक्सीत आणखी तासभर. हे सगळे धरून चार तास सहज जातात. निजामाबादमार्गे रेल्वेला पाच तासांच्या आसपास लागतात आणि ती थेट शहरात सोडते. तब्येत बरी असेल, तर एवढ्याशा फरकासाठी जास्त पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही. कर्करुग्णांना आणि त्यांच्या सोबत्याला रेल्वेभाड्यात सवलत आहे, ती आधी विचारून घ्या.

ज्यांना फार वेळ बसवत नाही, त्यांना मात्र विमानाचा खरा उपयोग होतो. चाकाची खुर्ची हवी असल्यास तिकीट काढतानाच सांगा, निदान 48 तास आधी तरी कंपनीला कळवा. ओळखपत्र मूळ प्रतीत जवळ ठेवा आणि औषधे हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसह.