ध्वनिमुद्रिकेचें मोल

महागडें ध्वनियंत्र घरांत आणणें हा निव्वळ षोक कीं त्यांत कांहीं अर्थ आहे, हा वाद जुनाच आहे. 1902 सालीं गैसबर्गनें कलकत्त्यास गौहरजानचें गाणें मुद्रित केलें. पुढें ग्रामोफोन श्रीमंतांच्या दिवाणखान्याचें भूषण ठरला. तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटें! तासभर फुलणारा ख्याल त्यांत कसा मावावा? कोणा जाणत्यानें त्यास खेळणें म्हटलें असल्यास नवल नाहीं.

परंतु इतिहासाचा निवाडा निराळा आहे. भास्करबुवा बखले 1922 सालीं निवर्तले. त्यांची एकही मुद्रिका आज उपलब्ध नाहीं. बालगंधर्व व मास्तर कृष्णराव ह्या शिष्यांच्या मुद्रिकांतून गुरूची सावली तेवढी भासते. अब्दुल करीमखां 1937 सालीं गेले; त्यांचा सूर मात्र पुण्यामुंबईच्या मैफलींपासून दूर, सातपुड्याच्या पायथ्याशीं जळगाव जामोदांत बसून आम्ही आजही ऐकतों.

तेव्हां मोल करावयाचें तें यंत्राचें नव्हे, सांठविलेल्या स्वराचें. उंची यंत्र ऐकणें अधिक सुखाचें करील; पण जो सूर टिपलाच गेला नाहीं, तो त्यास निर्माण करितां यावयाचा नाहीं. ज्या घरीं ऐकण्याची आवड नाहीं, तेथें असलें यंत्र म्हणजे ग्रंथांवांचून शिसवी कपाटच होय.