भिलाईचे पाणी

छत्तीसगढच्या लोकपरंपरेत गावातील तळ्यांची एक संख्या जणू ठरून गेलेली आहे. सहा कोडी आणि वर सहा. कोडी म्हणजे वीस, हे जुन्या मराठी बाजारहाटाची सवय असलेल्यांस सांगावयास नको. तेव्हा हा आकडा १२६ होतो. रतनपूर, आरंग, धमधा अशा कितीतरी जुन्या गावांविषयी तो सांगितला जातो. त्यांपैकी धमधा हे दुर्ग जिल्ह्यातले, भिलाईच्या उत्तरेस असलेले गाव. प्रत्येक ठिकाणी तळी मोजून आकडा बरोबर भरेलच असे नाही. पण ज्या प्रदेशात गावाचा थोरपणा किल्ल्याच्या बुरुजांवरून न सांगता तळ्यांच्या संख्येवरून सांगतात, त्या प्रदेशाचे जीवन कशावर उभे होते, हे त्यावरून उमगते.

१७४१ च्या स्वारीनंतर हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली आला आणि पुढे बिंबाजी भोसले यांनी रतनपूर येथे राहून तो सांभाळला. तळ्यांची ही रीत मात्र त्यांच्याही पूर्वीची. उंचवट्यावरची लालसर, मुरमाड ‘भाठा’ जमीन पिकास निकामी. तिच्यावरचा पाऊस ओहोळांनी उतरे, उतारावरच्या तळ्यात थांबे, ते भरले की सांडव्यावाटे खालच्या तळ्यात जाई आणि शेवटी ‘कन्हार’ म्हणजे काळ्या जमिनीतील धानाच्या शेतांत पसरे. भाठा ओसाड दिसे, पण तो तळ्याचे पाणलोट होता. तळे खोदून झाले की त्याचे लग्न लावीत आणि त्याच्या मध्यावर लाकडी खांब रोवीत. लग्न न लागलेल्या तळ्याचे पाणी धर्मकार्यास चालत नसे. ही केवळ भाबडी समजूत म्हणून सोडून देता येत नाही. ज्याचे लग्न गावाने लावले, त्याचा गाळ काढणे हेही मग गावाचेच काम होई.

१८९७ आणि १९०० या सालांच्या दुष्काळांनी ही व्यवस्था अपुरी ठरविली. लहान तळी एका कोरड्या वर्षाला तोंड देतात, लागोपाठच्या संकटांना नाही. तेव्हा इंग्रजी अमदानीत बालोदजवळ तांदुला आणि सुखा या नद्यांच्या संगमावर मोठे धरण बांधण्यात आले. ते १९२१ च्या सुमारास पुरे झाले. हेतू एकच होता, धानाला पाणी.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला, तेव्हा नागपूर ही या प्रांताची राजधानी होती. भिलाईची निवड होण्यास दल्ली-राजहराचे लोहखनिज, नंदिनीचा चुनखडक आणि हावड्याकडे जाणारा लोहमार्ग ही कारणे नेहमी सांगितली जातात. तांदुल्याच्या पाण्याचा उल्लेख त्या मानाने थोडा होतो. परंतु पाण्यावाचून पोलाद होत नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दहा लाख टनांची क्षमता १९६७ मध्ये पंचवीस लाखांवर आणि १९८८ मध्ये चाळीस लाखांवर गेली. त्याबरोबर पाण्याची तहानही वाढली. दुष्काळातील शेतकऱ्यासाठी खोदलेला कालवा मरोद्याच्या जलाशयांकडे वळला. तांदुल्याला गोंदली आणि खरखरा या तलावांची जोड द्यावी लागली. पुढे महानदीवरच्या गंगरेल धरणाचे पाणीही भिलाईपर्यंत आणण्यात आले.

शहराचे पाणलोट त्याच्या सीमेपाशी संपत नाही, ते असे. भिलाई वसली आहे शिवनाथ आणि खारून या दोन नद्यांच्या मधल्या प्रदेशात. पण ती पाणी पिते बालोद आणि धमतरीकडचे. वापरलेले पाणी नाल्यांनी शिवनाथ-खारूनच्या खोऱ्यात उतरते, आणि खारून शिवनाथला व शिवनाथ महानदीला मिळत असल्यामुळे, वर उचललेले पाणी पुष्कळ खाली पुन्हा महानदीतच पोचते. पोचते ते पूर्वीचे पाणी नव्हे. कोळशाचा कोक करताना निघणाऱ्या सांडपाण्यात फिनॉल, अमोनिया, सायनाइड अशी द्रव्ये असतात. ती काढून टाकल्यावाचून असे पाणी नदीत सोडणे माशांस आणि माणसांस सारखेच घातक.

कारखान्याची नगरी आखून वसविलेली होती. सेक्टरांची, रुंद रस्त्यांची, झाडांची. तिच्या कडेने सुपेला, खुर्सीपार, कोहका यांसारख्या भागांत जी वस्ती वाढत गेली, तिला तसा आराखडा लाभला नाही. २०११ च्या जनगणनेत दुर्ग-भिलाईची लोकसंख्या दहा लाख चौसष्ट हजारांवर गेली. गावे शहरात विरली आणि त्यांची तळी घरांच्या गराड्यात सापडली. तळे बुजविले तर डोळ्यांना दिसते. पण तळे राखून त्याचा भाठा बांधून काढला, पाणी येण्याच्या वाटेवर रस्त्याचा भराव घातला, की ते हळूहळू मरते आणि कोणी त्याचा जाब विचारीत नाही. पूर्वी जमिनीत मुरून महिनोन्महिने पाझरणारा पाऊस छपरांवरून आणि डांबरावरून तासाभरात वाहून जातो. म्हणून तोच नाला श्रावणात घरांत शिरतो आणि वैशाखात केवळ सांडपाणी वाहतो. तळ्यात उरते ते मोऱ्यांचे पाणी, आणि त्यावर माजते जलपर्णी. नागपूरकरांस हे निराळे सांगावयास नको. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडला आणि नाग नदी घराघरांत शिरली.

नदीच्या मालकीचा प्रश्नही याच परिसरात उभा राहिला. दुर्गजवळच्या बोरई औद्योगिक क्षेत्रास पाणी मिळावे म्हणून १९९८ मध्ये, मध्य प्रदेश अखंड असताना, शिवनाथचा सुमारे साडेतेवीस किलोमीटरचा पट्टा बावीस वर्षांच्या कराराने एका खाजगी कंपनीकडे सोपविण्यात आला. रसमडा येथे बंधारा झाला. ज्या काठावर पिढ्यानपिढ्या जाळी टाकली, तेथे मासेमारांस मज्जाव होऊ लागला, तेव्हा ‘नदी विकली’ ही हाक देशभर गेली. छत्तीसगढ विधानसभेच्या लोकलेखा समितीने २००७ मध्ये हा करार रद्द करावा अशी शिफारस केली. कारखान्यास पाणी देणे निराळे आणि वाहत्या नदीचा काठ कोणाच्या हवाली करणे निराळे, हा भेद तो करार लिहिणाऱ्यांस सुचला नाही.

पोलादासाठी चुनखडक काढून झालेल्या नंदिनीच्या जुन्या खाणींत आता पावसाचे पाणी साठते आणि त्यांच्या भोवती अलीकडे वन लावण्यात आले आहे. ही तळी कोणी तळी म्हणून खोदली नव्हती. त्यांचे लग्न कोणी लावले नाही आणि त्यांच्या मध्यावर खांबही नाही.