शंभर आवर्तनांची गुणगुण

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ ही नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाली. जुन्या प्रांताची राजधानी नागपूर. तेथील कचेऱ्यांबरोबर अनेक मराठी कुटुंबेही या तलावांच्या शहरात आली. त्याच वर्षी येथे आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले आणि ब्रिटिश तंत्रसाहाय्याने प्रचंड वीजयंत्रे घडविणाऱ्या हेवी इलेक्ट्रिकल्स या सरकारी कंपनीची स्थापना झाली. पुढे परकीय चलनाच्या टंचाईमुळे आयातीवर कडक निर्बंध आले. सुटे भाग जमवून घरीच व्हॉल्व्हचा अँप्लिफायर बांधण्याची हौस त्या काळात देशभर फोफावली. मात्र या हौशी कारागिराला एक शत्रू हमखास भेटे. गवयाचा षड्ज लागण्यापूर्वीच कर्ण्यातून येणारी अखंड गुणगुण, हा तो शत्रू होय.

आरंभीच्या रेडिओंना ही व्याधी नव्हती, कारण ते बॅटरीवर चालत. बॅटरीचा प्रवाह संथ असतो. घरातील वीज मात्र सेकंदाला ५० वेळा हेलकावे घेते. व्हॉल्व्हची तार थेट या विजेवर तापविली, की तो हेलकावा आवाजात उतरे. त्यावर तोड निघाली ती तापणारी तार आणि इलेक्ट्रॉन सोडणारा कॅथोड यांना वेगळे करून. अमेरिकेत १९२७ साली ‘२२७’ हा अशा रचनेचा व्हॉल्व्ह बाजारात आला आणि बॅटरीवाचून चालणारा रेडिओ घरोघर जाण्याची वाट मोकळी झाली. गुणगुण कमी झाली. नाहीशी मात्र झाली नाही.

तिचे मूळ शोधण्यात कानासारखा दुसरा साहाय्यक नाही. विजेच्या दोन्ही अर्धलहरी सरळ करणाऱ्या रेक्टिफायरमधून जो उरलेला हेलकावा निघतो, तो १०० आवर्तनांचा असतो. म्हणजे ५० आवर्तनांच्या स्वराच्या बरोबर एक सप्तक वर. वरचा स्वर ऐकू आला, तर संशय प्रथम फिल्टरच्या कंडेन्सरवर घ्यावा. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्यातील द्रव सुकतो आणि हेलकावे गिळण्याची त्याची शक्ती ओसरते. खालचा स्वर असेल, तर दोष बहुधा तापतारेच्या जोडणीत, ग्रिडच्या उघड्या वायरीत किंवा अर्थच्या चुकीच्या मांडणीत असतो. तापतारेच्या दोन वायरींना पीळ देणे, ट्रान्सफॉर्मर पहिल्या व्हॉल्व्हपासून दूर बसविणे आणि सर्व अर्थ एकाच बिंदूवर आणणे, हे त्यावरचे जुने व खात्रीचे उपाय होत.

आवाजाचे बटण शून्यावर आणूनही गुणगुण कायम राहिली, तर दोष त्या बटणाच्या पुढच्या भागात आहे असे समजावे. ज्या अँप्लिफायरमध्ये तापतारा समांतर जोडलेल्या असतात, त्यात वीज बंद करून पहिल्या बाजूने एकेक व्हॉल्व्ह काढावा व पुन्हा ऐकावे. जो काढताच शांतता पसरते, त्याच्याच टप्प्यात किंवा त्याच्या अलीकडे चोर दडलेला असतो.

भोपाळच्या कारखान्यात घडणारे अजस्र ट्रान्सफॉर्मरही याच स्वरात घुमतात. चुंबकत्वाच्या प्रत्येक अर्धफेऱ्यात गाभ्याचे पोलाद किंचित लांबी बदलते; म्हणून त्यांचा नादही ५० नव्हे, १०० आवर्तनांचा. टेबलावरची पेटी आणि वीजकेंद्रातील ते यंत्र एकाच विजेची लेकरे आहेत, याची ही साक्ष होय.

या शोधात घाई मात्र प्राणावर बेतू शकते. संच बंद केल्यानंतरही कंडेन्सरमध्ये अडीच-तीनशे व्होल्टचा भार तग धरून राहतो. तो योग्य रोधातून सोडून दिल्यावाचून आत हात घालू नये. त्याहून घातक आहे तो एक झटपट उपाय: भिंतीतील अर्थची तार सोडविणे. तसे करताच गुणगुण थांबते खरी. पण आत एखादी वायर सुटून पत्र्याला लागली, तर तो पत्राच जिवंत होतो आणि स्पर्श करणाऱ्याला वाचविणारे काही उरत नाही.

गुणगुण हा दोष नव्हे, दोषाची वर्दी आहे. तिचे तोंड दाबणारा कारागीर फसतो. ती कोणत्या सप्तकात बोलते हे ऐकणाऱ्याला तीच मुळापाशी नेते.