सोने गहाण पडले ते वर्ष

राज्याचा जमाखर्च हा विषय रुक्ष, तो पंडितांनी आणि कारकुनांनी पाहावा, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. पण पेरणीच्या तोंडावर घरातली पाटली किंवा चांदीचे कडे पेढीवर ठेवून बियाणे आणावे लागणे, हे आपल्या सातपुड्याच्या पायथ्याशी कोणास नवे नाही. तेवढ्या अनुभवाची शिदोरी आपल्याजवळ असली, तर 1991 साली साऱ्या देशावर जो प्रसंग आला तो समजून घेण्यास दुसरे पांडित्य लागत नाही. दागिना पेढीवर का गेला, हे विचारताना घरातल्या कर्त्या माणसांत त्या वेळी एकमत होते की नव्हते, हेही विचारावे लागते. आज आपण तेच विचारणार आहोत.

कथेची सुरुवात 1989 च्या डिसेंबरात होते. त्या निवडणुकीत कोणत्याच पक्षास बहुमत मिळाले नाही. काँग्रेसच्या 197 जागा आल्या. पण सरकार आले विश्वनाथ प्रताप सिंह यांचे, आणि ते उभे होते उजवीकडून भारतीय जनता पक्षाच्या व डावीकडून साम्यवाद्यांच्या खांद्यावर. अर्थखाते आले आपल्या मधु दंडवते यांच्याकडे. राजापूरचे हे खासदार साध्या राहणीचे आणि निर्मळ चारित्र्याचे म्हणून सर्वांस ठाऊक. पण त्यांच्या पक्षाने शेतकऱ्यांचे दहा हजार रुपयांपर्यंतचे कर्ज माफ करण्याचे वचन मतदारांस देऊन ठेवले होते. 1990 च्या अर्थसंकल्पात ते पाळावे लागले. वचन आधी दिले गेले आणि तिजोरी नंतर उघडून पाहिली गेली. गांजलेल्या शेतकऱ्यास दिलासा मिळाला, हे खरेच. पण कर्जफेडीची शिस्त सैल झाली, हेही तितकेच खरे. त्याच वर्षी दंडवत्यांनी सोने नियंत्रणाचा 1968 चा कायदा रद्द केला. लोकांच्या घरातले सोने सरकारी बंधनातून सुटले, आणि पुढच्याच वर्षी सरकारचे सोने गहाण पडले, असा हा योगायोग आहे.

2 ऑगस्ट 1990 रोजी इराकने कुवेत गिळले. तेलाच्या किमती भडकल्या, आखातात राबणाऱ्या आपल्या माणसांकडून येणारा पैसा आटला. आगीवर पाणी ओतायचे तर घरात माणसे हवीत. पण दिल्लीत नेमके तेव्हाच घर फुटत होते. ऑक्टोबरात भाजपने पाठिंबा काढला आणि 7 नोव्हेंबरला सरकार पडले. मग आले चंद्रशेखर. त्यांच्याजवळ स्वतःचे खासदार साठीच्या आसपास. बाकी सारा भार काँग्रेसच्या बाहेरून दिलेल्या पाठिंब्यावर. जानेवारीत आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून 180 कोटी डॉलरांची उचल मिळाली. पुढचे कर्ज हवे तर खर्चाला आवर घालणारा अर्थसंकल्प मांडणे भाग होते. अर्थमंत्री यशवंत सिन्हा त्यास तयारही होते. परंतु असा अर्थसंकल्प दुसऱ्याच्या सरकारास मांडू देणे काँग्रेसला परवडेना. अखेर 4 मार्च 1991 रोजी केवळ हंगामी हिशेब मांडला गेला, आणि दोनच दिवसांनी, राजीव गांधींच्या घरावर हरियाणाच्या पोलिसांनी पाळत ठेवल्याच्या तक्रारीवरून वाद चिघळून, चंद्रशेखरांनी राजीनामा दिला.

या ठिकाणी आपण थोडे थांबले पाहिजे. तेल महागले ते आपल्या हातचे नव्हते. पण फेब्रुवारीत जे करावयाचे ते जुलैवर गेले, ते सर्वस्वी आपल्या पक्षांचे कर्तृत्व होय. मधल्या काळात परदेशी सावकारांचा विश्वास उडाला. तस्करांकडून जप्त केलेले 20 टन सोने स्वित्झर्लंडच्या बँकेला परतखरेदीच्या अटीवर विकावे लागले. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचे सुमारे 47 टन सोने विमानाने इंग्लंडला गेले, तेव्हा कोठे 40 कोटी डॉलर हाती आले. परकीय चलन जेमतेम दोनतीन आठवड्यांच्या आयातीपुरते उरले होते.

मे महिन्यात राजीव गांधींची हत्या झाली. 21 जूनला पंतप्रधान झाले पी. व्ही. नरसिंह राव. रामटेकहून दोनदा निवडून गेलेले हे गृहस्थ उत्तम मराठी जाणत. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’चे त्यांनी तेलुगूत भाषांतर केले होते. त्यांच्याजवळही बहुमत नव्हते. पण विरोधकांतील एका मोठ्या गटाने विश्वासमताच्या वेळी मतदानच केले नाही. सरकार पडावे असे त्या क्षणी फारसे कोणास वाटत नव्हते. रुपयाचे अवमूल्यन झाले, आणि 24 जुलैला मनमोहनसिंगांनी आपला अर्थसंकल्प मांडला. वित्तीय तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या आठ टक्क्यांवर गेली होती. ती साडेसहावर आणण्याचा संकल्प त्यात होता.

त्यात खतांची किंमत 40 टक्क्यांनी वाढविली होती, आणि येथे आपल्या गावाचा संबंध येतो. खापर तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. आपला नंदुरबार जिल्हा 1998 चा. कपाशीला खत घालणाऱ्या गावोगावच्या शेतकऱ्यांचा आवाज खुद्द काँग्रेसच्याच खासदारांनी उचलला. ऑगस्टमध्ये वाढ 30 टक्क्यांवर आली, आणि लहान व सीमांत शेतकऱ्यांस तीतून वगळण्यात आले. अर्थसंकल्प मोडला नाही, आणि दुबळ्याच्या पाठीवरचे ओझेही उतरले. पुढील वर्षी मात्र तडजोडीस फाटा फुटला. ऑगस्ट 1992 मध्ये स्फुरद व पालाशयुक्त खते नियंत्रणमुक्त होऊन महागली आणि युरिया उलट स्वस्त केला गेला. शेतकऱ्याने स्वस्त ते उचलले. जमिनीचा समतोल बिघडल्याची तक्रार कृषितज्ज्ञ आजवर करीत आहेत, तिचे एक मूळ दिल्लीतील त्या देण्याघेण्यात आहे.

1991–92 साली देशाची आर्थिक वाढ दीड टक्क्याच्याही खाली होती. पुढील वर्षी ती पाचांवर गेली. गहाण सोने 1991 च्या अखेरपर्यंतच कर्ज फेडून सोडविले गेले होते. 2009 मध्ये तर रिझर्व्ह बँकेने नाणेनिधीकडून 200 टन सोने रोख विकत घेतले.

तेव्हा पक्षांच्या वाटाघाटींस सरसकट नावे ठेवण्याचे कारण नाही. लोकशाहीत घासाघीस चालायचीच. ओझे कोणी किती उचलावे यासाठी जी घासाघीस झाली, तिने 1991 च्या ऑगस्टात लहान शेतकरी वाचविला. ओझे उचलणेच पुढे ढकलण्यासाठी जी झाली, तिने त्याच वर्षी देशाचे सोने पेढीवर नेले. पुढारी मंडळी उद्या आपल्या दारी मते मागावयास येतील, तेव्हा ‘काय देणार?’ हा प्रश्न आपण विचारूच. त्याच्याच जोडीला ‘कोठून देणार आणि केव्हा फेडणार?’ हेही विचारण्याची सवय आपण लावून घेतली, तर त्यांच्या वाटाघाटींच्या बैठकीत आपलीही एक खुर्ची राहील.