नामांतर की नामविस्तार? : मराठवाडा विद्यापीठाच्या नावाचा वाद

शिक्षणसंस्थेस नाव देणे ही वरवर पाहता कार्यकारी मंडळाच्या एका बैठकीत उरकण्याजोगी गोष्ट होय. देणगीदाराचे नाव, गावाचे नाव, नाहीतर एखाद्या थोर पुरुषाचे नाव सुचवावे, ठराव करावा आणि पाटी लावावी. मात्र मराठवाडा विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न सुटावयास १९७८ पासून १९९४ पर्यंत सोळा वर्षे लागली आणि त्या अवधीत कित्येकांची घरे गेली, काहींचे प्राणही गेले. निजामी राज्यात ज्यांच्या एकदोन पिढ्या गेल्या, त्या मराठी कुटुंबांना तरी हा इतिहास परका वाटू नये.

विद्यापीठाची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबाद येथे झाली. उद्घाटन पंतप्रधान पंडित नेहरू ह्यांच्या हस्ते झाले आणि एस. आर. डोंगरकेरी हे पहिले कुलगुरू झाले. ‘मराठवाडा’ हे नाव त्या वेळी सहज रूढ झाले, पण त्यामागील भावना सहज नव्हती. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे पाच जिल्हे १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू. तेव्हा मराठी मुलास उच्च शिक्षण घ्यावयाचे तर ते परक्या भाषेत. १९३८ साली ‘वंदे मातरम्’ म्हटल्यावरून विद्यार्थ्यांना शिक्षणास मुकावे लागले व अनेकांनी नागपूरची वाट धरली. स्वामी रामानंद तीर्थ ह्यांच्या नेतृत्वाखालील लढा, रझाकारांचे अत्याचार, १७ सप्टेंबर १९४८ ची मुक्ती आणि १९५६ साली मुंबई राज्यात झालेला समावेश, एवढे सारे सोसून लाभलेले हे पहिले विद्यापीठ. त्याच्या पाटीवर प्रदेशाचे नाव असावे, ह्यात त्या पिढीस आपल्या सोसण्याची पावती दिसत होती.

परंतु ह्याच शहरात दुसरीही एक परंपरा उभी राहिली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी १९४५ साली स्थापिलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली, म्हणजे विद्यापीठाच्या आठ वर्षे आधी, औरंगाबादेस महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. त्या परिसरास नागसेनवन म्हणतात. ज्या मुलांच्या घरात अक्षर शिरले नव्हते ती मुले येथे पदवीधर झाली. बाबासाहेबांचे निधन १९५६ साली झाले. विद्यापीठ पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. तथापि मागासलेल्या ह्या भूमीत उच्च शिक्षणाचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे, हे कोणीही प्रामाणिक मनुष्य नाकारणार नाही. विद्यापीठास त्यांचे नाव द्यावे ही मागणी १९७७ च्या सुमारास जोराने पुढे आली, ती ह्या पुण्याईच्या आधारावर.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव संमत केला. शरद पवार ह्यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर येऊन तेव्हा अवघे नऊ दिवस झाले होते. ठराव झाला आणि मराठवाडा पेटला.

विरोधकांत सारेच एका जातकुळीचे नव्हते, हे येथे नमूद केले पाहिजे. गोविंदभाई श्रॉफ व दैनिक ‘मराठवाडा’चे संपादक अनंत भालेराव हे मुक्तिसंग्रामात तावून सुलाखून निघालेले पुरुष. प्रदेशाची अस्मिता पुसली जाऊ नये, हे त्यांचे म्हणणे होते. त्या म्हणण्यास इतिहासाचा आधार होता आणि त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. उलट बाजूस एस. एम. जोशी, बाबा आढाव ह्यांच्यासारखी समाजवादी मंडळी नामांतराच्या बाजूने उभी राहिली. हा वाद वृत्तपत्रांच्या स्तंभांत आणि सभागृहांत राहता, तर तो दोन न्याय्य आग्रहांमधील मतभेद ठरला असता.

तो तेथे राहिला नाही. शेकडो खेड्यांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, माणसे गाव सोडून पळाली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथील पोचीराम कांबळे ह्यांची हत्या झाली. आता विचार करावा : ज्यांच्या झोपड्या जळल्या त्यांतील बहुतेकांनी विद्यापीठाचे दारही पाहिले नव्हते, आणि जाळणाऱ्यांतील कित्येकांनीही नसावे. मग ह्या खेड्यांत भांडण होते कशाचे? १९५६ च्या धर्मांतरानंतर दलितांनी गावकीची परंपरागत कामे सोडली होती, गायरानांवर ते हक्क सांगू लागले होते, त्यांची मुले शिकून नोकरीस लागत होती. हा सल गावोगाव जुनाच होता. नावाचे निमित्त मिळताच तो बाहेर पडला. म्हणून ह्या दंगलीस ‘अस्मितेचा उद्रेक’ म्हणणे प्रस्तुत लेखकास मान्य नाही. अस्मितेस वस्ती जाळण्याचे प्रयोजन नसते.

पुढे सरकारने ठराव बाजूस ठेवला. १९७९ साली प्रा. जोगेंद्र कवाडे ह्यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून लाँग मार्च निघाला. सत्याग्रह व तुरुंगवास चालूच राहिले. १९९३ साली नांदेड येथे गौतम वाघमारे ह्यांनी आत्मदहन केले.

ह्याच काळात हैदराबादेत काय घडले ते पाहण्यासारखे आहे. उस्मानिया विद्यापीठाने १९५३ सालीच बाबासाहेबांना डी. लिट्. ही सन्माननीय पदवी दिली होती. १९८२ साली स्थापन झालेल्या तेथील मुक्त विद्यापीठास १९९१ साली त्यांचे नाव देण्यात आले. आणि ज्या निजामाच्या राजवटीविरुद्ध एवढा संग्राम झाला, त्याच्या नावाचे उस्मानिया आजही उस्मानियाच आहे.

अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी, संक्रांतीच्या दिवशी, विद्यापीठाचे नाव ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असे झाले. मुख्यमंत्री पुन्हा शरद पवारच होते. जुने नाव पुसले नाही, नवे त्याच्या अगोदर जोडले. म्हणून ह्यास ‘नामांतर’ न म्हणता ‘नामविस्तार’ म्हणण्याची तोड निघाली. शब्द सरकारी असला तरी चपखल आहे. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, मुक्तिदिनी, नांदेड येथे ‘स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ’ निघाले. मुक्तिसंग्रामाच्या सेनानीचे नाव अशा रीतीने दुसऱ्या पाटीवर आले, आणि मराठवाडा हा शब्द दोन्हींवर राहिला. सोळा वर्षांपूर्वीही ही तोड कोणास सुचणे अशक्य नव्हते.

२०२३ साली औरंगाबाद शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. विद्यापीठाचे नाव १९९४ चेच आहे. विद्यार्थी मात्र आद्याक्षरे जोडून त्यास ‘बामू’ म्हणतात. दरवर्षी १४ जानेवारीस विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी खेड्यापाड्यांतून आलेल्या माणसांची रीघ लागते. कमानीपुढे क्षणभर हात जोडून ती पुढे सरकतात, आणि रस्त्याच्या कडेला मांडलेल्या दुकानांतून पुस्तके विकत घेतात.