‘लिबर्टी’ आणि ‘फ्रीडम’ : दोन शब्द आणि एक खटला

आजचा विषय वरवर अगदी किरकोळ वाटेल. इंग्रजीत ‘लिबर्टी’ आणि ‘फ्रीडम’ असे दोन शब्द आहेत. शब्दकोश उघडला तर एकाचा अर्थ सांगायला दुसरा हजर असतो. मराठीत आपण दोन्हींना ‘स्वातंत्र्य’ म्हणतो आणि पुढे जातो. मग कुठे कोणता वापरायचा, आणि त्याने बिघडते काय? आम्ही तत्त्वज्ञानाचे लोक, आम्हाला असल्या प्रश्नांचा नादच असतो, असे तुम्ही म्हणाल. पण १९५० साली आपल्या सर्वोच्च न्यायालयात एका माणसाची तुरुंगातून सुटका होणार की नाही, हे ठरताना या दोन शब्दांची वाटणी कामाला आली. तिथपर्यंत आज आपल्याला जायचे आहे.

पहिल्यांदा इंग्रजीत अशा जोड्या एवढ्या का, ते पाहू. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षे दरबाराची आणि कोर्टाची भाषा फ्रेंच, चर्चची आणि दप्तराची लॅटिन, आणि शेतातली, चुलीपुढची इंग्रजी. तेव्हा एकाच गोष्टीला एक घरचा शब्द आणि एक सरकारी शब्द असे दोन दोन शब्द झाले. वकिलांनी तर धोका नको म्हणून दोन्ही शेजारी शेजारी लिहून टाकले. मृत्युपत्राला इंग्रजीत आजही ‘विल अँड टेस्टमेंट’ म्हणतात. विल घरचा, टेस्टमेंट लॅटिनचा. आपल्याकडे ‘कागदपत्र’ आणि ‘धनदौलत’ यांत असेच झाले की! एक अर्धा फारसी-अरबीकडचा, एक अर्धा संस्कृताकडचा.

‘फ्रीडम’ हा घरचा शब्द. त्यातल्या ‘फ्री’चे मूळ शोधत मागे गेलो तर आपण कुठे पोचतो? थेट संस्कृतातल्या ‘प्रिय’ शब्दापाशी. दोन्ही एकाच मुळाचे. इंग्रजी ‘फ्रेंड’ही त्याच कुळातला. जो आपल्या माणसांतला, जिव्हाळ्याचा, तो ‘फ्री’. घरात राहणारा पण घरचा नसलेला, तो गुलाम. ‘लिबर्टी’ लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आली. डेव्हिड हॅकेट फिशर या अमेरिकन इतिहासकाराने २००५ साली या दोन शब्दांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की लिबर्टी म्हणजे वेगळे असणे, बंधनातून सुटलेले असणे, आणि फ्रीडम म्हणजे जोडलेले असणे. मांडणी आकर्षक आहे, पण आम्हाला ती जरा जास्तच नीटनेटकी वाटते. कारण लॅटिनमध्ये ‘लिबेर’ म्हणजे मोकळा, आणि त्याच शब्दाचे अनेकवचन ‘लिबेरी’ म्हणजे घरची मुले. म्हणजे तिथेही पुन्हा घर आलेच. मुळात दोन्ही शब्द एकाच उंबरठ्यावरचे. फरक पडला तो नंतर, कोणत्या शब्दाने कुठे चाकरी केली त्यावरून.

लिबर्टीने चाकरी केली कोर्टात. १२१५ चा मॅग्ना कार्टा लॅटिनमध्ये आहे आणि त्यात हा शब्द अनेकवचनी येतो. अनेकवचनी लिबर्टी म्हणजे राजाकडून पदरात पाडून घेतलेल्या सवलती, सनदा, हक्क. लंडनच्या भोवती तर ‘लिबर्टी’ नावाचे भूभागच होते. नगरपालांची सत्ता तिथे चालत नसे. शेक्सपिअरच्या काळात थेम्सच्या दक्षिण तीरावर नाटकगृहे उभी राहिली, त्याला हेही एक कारण. थोडक्यात, लिबर्टी कोणीतरी दिलेली असते, तिला हद्द असते, कागद असतो. मराठीत तिच्या जवळचा शब्द शोधायचा तर आम्ही ‘मुभा’ म्हणू. मुभा असते, पण कोणाची तरी असते! म्हणूनच इंग्रजीत कोणी अंगचटीला आला, मर्यादा सोडून वागला, तर तो लिबर्टी घेतो. फ्रीडम घेतो असे कोणी म्हणत नाही.

फ्रीडमचा संसार ऐसपैस. १९४१ च्या जानेवारीत रूझवेल्टने चार स्वातंत्र्ये सांगितली, त्यांत दोन होती अभावापासूनची आणि भयापासूनची. दोन्हींसाठी शब्द फ्रीडम. तिथे लिबर्टी बसवून पाहा, इंग्रजी कानाला खटकते. भुकेपासून मुभा कोण देणार? लिंकनचे १८६३ चे गेटिसबर्गचे भाषण जेमतेम पावणेतीनशे शब्दांचे. त्यात राष्ट्राचा जन्म सांगताना लिबर्टी आहे, आणि शेवटी त्याचा पुनर्जन्म सांगताना फ्रीडम. मधे गुलामांच्या मुक्तीसाठीचे युद्ध आहे. लिंकनने हे जाणून केले की कानाने, कोण सांगणार? पण केले.

आता कोणी म्हणेल, सर, तुमची वाटणी पक्की आहे का? नाही. लंडन शहराचा मानकरी होतो त्याला ‘फ्रीडम’ मिळतो, म्हणजे तोही सनदेचाच. मिल्टनने १६४४ साली परवान्याविना छपाईसाठी लिबर्टी मागितली, तर अमेरिकेच्या १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीत वृत्तपत्रांना फ्रीडम आहे. मागणे तेच, शब्द बदलला. आमच्या शास्त्रातले मोठे लोकही इथे हात झटकतात. हॉब्जने १६५१ च्या ‘लेव्हायथन’मध्ये दोन्ही एकच धरले. आयझाया बर्लिनने १९५८ च्या ऑक्सफर्डच्या प्रसिद्ध व्याख्यानात सांगूनच टाकले, की आपण दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरणार. तत्त्वज्ञाला ते परवडते. कायद्याचा मसुदा लिहिणाऱ्याला परवडत नाही, कारण दोन शब्द वापरले की वाचणारा न्यायाधीश विचारणारच: दोन का?

आता आपल्या घटनेकडे या. मसुद्यात नागरिकांच्या फ्रीडमचे कलम होते १३ वे, तेच आजचे १९ वे: भाषण, सभा, संघटना, देशभर संचार वगैरे. आणि १५ वे, म्हणजे आजचे २१ वे, होते जीविताचे आणि लिबर्टीचे. डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीला शंका आली. नुसते लिबर्टी म्हटले तर त्याचा अर्थ इतका पसरेल, की १३ व्या कलमातली फ्रीडमसुद्धा त्यात येतील. म्हणून समितीने आधी ‘पर्सनल’ हे विशेषण जोडले आणि कारण तळटिपेत नोंदवून ठेवले. पर्यायी शब्दांचा गोंधळ टाळायला घातलेला हा बांध. त्याच कलमात ‘यथोचित प्रक्रिया’ या अर्थाचे अमेरिकन शब्द जाऊन ‘कायद्याने प्रस्थापित केलेली पद्धती’ या अर्थाचे शब्द आले, तो इतिहास वेगळा आणि मोठा आहे.

घटना लागू झाली २६ जानेवारी १९५० ला. महिन्याभरात प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा झाला. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन मद्रासच्या तुरुंगात होते. त्यांच्या वकिलांचे म्हणणे साधे होते: माणसाला कोंडले की त्याचा संचारही जातो, तेव्हा हा कायदा वाजवी आहे का, हे १९ व्या कलमाच्या कसोटीवरही पाहा. १९ मे १९५० ला बहुमताने उत्तर दिले, नाही. १९ ची फ्रीडम वेगळी, २१ ची पर्सनल लिबर्टी वेगळी. ही दुसरी म्हणजे मुख्यतः शरीर कोंडले न जाणे, आणि तिचा विचार आपापल्या कलमांतच होईल. न्यायमूर्ती फाजल अली यांना हे कप्पे मान्य नव्हते. पण कायद्याचे एक कलम रद्द झाले, बाकी कायदा टिकला, आणि अर्ज फेटाळला गेला.

शरीर कोंडले गेले आहे आणि संचार मात्र वेगळ्या कप्प्यात आहे! तर्क म्हणून ही वाटणी करता येते, हे आम्हाला दिसते. पण कोठडीतल्या माणसाला ती कशी समजावून सांगायची, ते आम्हाला तेव्हाही उमगले नाही आणि आजही उमगत नाही.

हे कप्पे १९७० च्या बँक राष्ट्रीयीकरणाच्या निकालाने खिळखिळे झाले. २५ जानेवारी १९७८ ला मनेका गांधींच्या पासपोर्टच्या खटल्यात न्यायालयाने सांगितले, की १४, १९ आणि २१ ही कलमे एकत्र वाचायची. म्हणजे समितीला ज्याची भीती वाटली होती तो पसरट अर्थ अठ्ठावीस वर्षांनी घरी आला, आणि ‘पर्सनल’ शब्द तिथेच असताना आला.

जाता जाता एक गोष्ट दाखवतो. घरी दोन भाषांतली घटना असेल तर २१ वे कलम शेजारी शेजारी ठेवून पाहा. हिंदी पाठात ‘पर्सनल’साठी शब्द आहे ‘दैहिक’, म्हणजे देहापुरती स्वतंत्रता. मराठी पाठात आहे ‘व्यक्तिगत स्वातंत्र्य’. हिंदी वाचली की १९५० चे बहुमत ऐकू येते. मराठीतल्या ‘व्यक्ती’त देहही आला आणि बाकीचा माणूसही.